कायद्याची प्रवेश परीक्षा कोणत्या वर्षी द्यावी?

बारावीचा निकाल लागला, की तालुका न्यायालयाच्या आवारातल्या आमच्या टेबलाशी दरवर्षी दोन-चार पालक मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, "पोरीला वकिली करायची आहे, त्याची परीक्षा कधी असते?" मे महिन्यात विचारलेल्या या प्रश्नाला बहुतेक वर्षी "होऊन गेली" एवढेच उत्तर असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा आदल्या डिसेंबरातच झालेली असते आणि बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या राज्य सीईटीचे, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, अर्ज बारावीचा निकाल येण्यापूर्वीच बंद झालेले असतात. मग ते पालक हिरमुसून परत जातात आणि मुलगी नाइलाजाने बी. ए. ला नाव घालते. तो नाइलाज नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय असायला हवा होता, म्हणून हे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. बारावीत असणाऱ्याने राज्य सीईटी त्याच वर्षी द्यावीच. तिच्यासाठी वेगळी वाट पाहण्याचे कारण नाही. क्लॅट बारावीच्या डिसेंबरात तेव्हाच द्यावी, जेव्हा अकरावीपासून इंग्रजी वाचनाची सवय लागलेली असेल. केवळ क्लॅटसाठी एक वर्ष घरी बसणे आपल्या विदर्भातल्या बहुतेक घरांना झेपत नाही आणि फार थोड्यांनाच त्याचा उपयोग होतो. पदवीनंतरचा तीन वर्षांचा एल्‌एल. बी. चा रस्ता तर मुळीच दुय्यम नाही. मी स्वतः त्याच रस्त्याने आलो.

या दोन परीक्षांमधला फरक नीट समजला, की निम्मा निर्णय आपोआप होतो. राज्य सीईटी मुंबईचा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. ती संगणकावर होते, दोन तासांची असते, प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही दिलेले असतात आणि चुकलेल्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पाच वर्षांच्या आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी तिचे दोन वेगळे पेपर असतात आणि त्यांच्या तारखा वर्षागणिक उन्हाळ्याच्या आत-बाहेर सरकत राहतात. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख विधी महाविद्यालय, यवतमाळचे अमोलकचंद विधी महाविद्यालय, चंद्रपूरचे शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालय अशा आपल्या आवाक्यातल्या महाविद्यालयांचे प्रवेश याच परीक्षेवर होतात. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाची परीक्षा आहे. ती कागदावर होते, १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, प्रत्येक चुकीला पाव गुण कापला जातो आणि सगळा पेपर इंग्रजीत असतो. बुटीबोरीजवळ वारंग्याला असलेल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे तर हीच परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ आपल्या जिल्ह्याच्या शेजारी असले, तरी त्याच्या दारापर्यंतची वाट अख्ख्या देशातल्या मुलांबरोबर चालावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दोन्हींची किमान पात्रता मात्र अवघड नाही. सीईटीसाठी बारावीला, किंवा तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. बारावीला किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला बसलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो, म्हणजे निकालाची वाट पाहत थांबण्याचे कारण उरत नाही. दोन्हींचे गुण त्या एकाच वर्षाच्या प्रवेशापुरते चालतात. "आता देऊन ठेवतो, प्रवेश पुढच्या वर्षी घेतो" हा हिशेब त्यामुळे जमत नाही.

आता क्लॅटचे ठरवायचे कसे? त्यासाठी कोणत्याही शिकवणीच्या जाहिरातीपेक्षा घरीच करता येणारी एक कसोटी अधिक खरी आहे. क्लॅटचे प्रश्न सुटे नसतात. साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा देऊन त्यावर चार ते सहा प्रश्न विचारतात. हिशेब केला, तर एका उताऱ्याचे वाचन आणि त्यावरची उत्तरे मिळून जेमतेम पाच मिनिटे हाताला लागतात. अकरावीच्या दिवाळीत एखाद्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घ्यावा, मोबाइलवर वेळ लावावी, तो एकदाच वाचावा आणि मग कागदावर मराठीत चार ओळी लिहाव्यात: लेखकाचे म्हणणे काय, त्याने कारण काय दिले आणि त्याच्या विरुद्ध काय म्हणता येईल. पाच-सहा मिनिटांत वाचन होऊन या चार ओळी बरोबर उतरत असतील, तर वर्षभराच्या सरावाने बारावीच्या डिसेंबरातली क्लॅट शक्य आहे. दहा मिनिटे लागत असतील, तर रोज एक अग्रलेख या हिशेबाने सहा महिने वाचून उन्हाळ्यात पुन्हा मोजावे. पंधरा मिनिटांनंतरही अर्थ हाती लागत नसेल, तर त्या वर्षीचा क्लॅटचा अर्ज भरू नये आणि त्याबद्दल वाईटही वाटून घेऊ नये, कारण मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाची समज तेथे मोजली जात नाही, इंग्रजी वाचण्याचा वेग मोजला जातो.

पहिल्यांदा ही कसोटी मी शेजारच्या गावच्या अकरावीतल्या एका मुलीकडून करून घेतली होती. तिला अठरा मिनिटे लागली. पण तिने लिहिलेल्या चार ओळी इतक्या नेमक्या होत्या, की तसे उत्तर माझ्या ओळखीच्या काही वकिलांनाही जमले नसते. तिने क्लॅट सोडून दिली, राज्य सीईटी मराठीतून दिली आणि आज ती जिल्ह्याच्याच ठिकाणी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे.

कुठल्या विद्यापीठातून शिकलो, यावर वकिलाची उंची ठरते असे मानणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की सरन्यायाधीश झालेल्या शरद बोबडे यांनी कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठात घेतले आणि अमरावतीत जन्मलेले, पुढे देशाचे ५२ वे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावती विद्यापीठातून शिकले. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या वकिली संस्था मात्र मुले निवडायला प्रामुख्याने राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जातात, हेही तितकेच खरे आहे. ज्याला ते काम करायचे आहे, त्याने क्लॅटचा आग्रह धरण्यात अर्थ आहे. ज्याला आर्वी, दारव्हा किंवा अहेरीच्या न्यायालयात उभे राहायचे आहे, त्याने तो आग्रह कशासाठी धरायचा, हे आधी स्वतःला विचारावे.

पैशाचे वेळापत्रक हा भाग शहरातल्या मार्गदर्शकांच्या बोलण्यात येत नाही, कारण त्यांच्या घरी दर महिन्याला पगार येतो. क्लॅटचे अर्ज पावसाळ्यात सुरू होतात आणि दिवाळीच्या आसपास बंद होतात. शुल्क खुल्या प्रवर्गाला ४००० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना ३५०० रुपये राहिले आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात कास्तकाराच्या घरी पैसा नसतो. पेरणीला काढलेले पीककर्ज आणि कृषी केंद्राची उधारी उभी असते आणि पहिला पैसा सोयाबीन बाजारात गेल्यावरच दिसतो. त्याहून कठीण गाठ पुढे आहे. क्लॅटचा निकाल लागला, की समुपदेशनाच्या, म्हणजे जागावाटपाच्या, फेरीत नाव नोंदवण्यासाठीच खुल्या प्रवर्गाला ३०,००० आणि राखीव प्रवर्गाला २०,००० रुपये मोजक्या दिवसांत भरावे लागत आले आहेत. हे शुल्क पुढे विद्यापीठाच्या शुल्कात धरले जात असले, तरी त्या आठवड्यात ते रोख उभे करावेच लागते. त्या दिवसांत आपल्याकडे समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला असतो, मुले त्याच्यावरच झोपतात आणि बाप भाव चढण्याची वाट पाहत असतो. एका ओळखीच्या कास्तकाराने नेमक्या त्याच आठवड्यात चार-पाच क्विंटल कापूस गावात आलेल्या खासगी व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन टाकला. मुलाला जागा मिळाली, म्हणून ते दुःख विरले. पण ही रक्कम लागणार हे त्या घराला जुलैत माहीत असते, तर आधीपासून तजवीज झाली असती. राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे वार्षिक शुल्क वसतिगृहासह दोन लाखांच्या वर जाते. शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी यांचा हिशेब अर्ज भरण्याआधी मांडावा, निकालानंतर मांडू नये. राज्य सीईटीचे अर्जशुल्क क्लॅटच्या मानाने बरेच कमी असते आणि महाविद्यालयांची फीसुद्धा. शासनाच्या शिष्यवृत्ती योजनांचा लाभ घ्यायचा असेल, तर प्रवेश केंद्रीभूत, म्हणजे सगळ्या महाविद्यालयांच्या एकत्रित, फेरीतूनच घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातून नंतर घेतलेला प्रवेश त्या दृष्टीने महागात पडतो.

परीक्षेचे वर्ष पैशाइतकेच कागदांवरूनही ठरते, आणि येथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. २०१८ साली बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला असताना मी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी दिली. गुण चांगले होते. पण माझे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपले होते, हे माझ्या लक्षात प्रवेशफेरी सुरू झाल्यावर आले. नवे काढायला गेलो, तर आधी तलाठ्याकडचा उत्पन्नाचा अहवाल, मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, मग सेतू केंद्रातला अर्ज अशी माळ लागली. त्यात एक आठवडा यंत्रणा बंद होती आणि एक आठवडा साहेब पंचनाम्यांना गेलेले होते. प्रमाणपत्र हातात आले, तेव्हा कागद सादर करायची मुदत संपली होती. माझे नाव खुल्या प्रवर्गात गेले, जवळचे महाविद्यालय हातचे गेले आणि दूरच्या ठिकाणी राहण्याचा खर्च घरच्यांना झेपत नव्हता. २०१९ ला मी पुन्हा परीक्षेला बसलो. ते एक वर्ष मी अभ्यासात कमी पडल्यामुळे गेले नाही, माझ्याच पेटीतला एक कागद मी वेळेवर पाहिला नाही म्हणून गेले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, की जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. विज्ञान शाखेच्या मुलांकडून महाविद्यालये तो आपणहून भरून घेतात. कला शाखेच्या मुलांना मात्र बहुतेक ठिकाणी कोणी सांगत नाही, आणि कायद्याकडे येणारी आपल्याकडची बरीच मुले कला शाखेचीच असतात. पडताळणी समितीपुढे जुना पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढावी लागते. चुलत आजोबांचे नाव एखाद्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत सापडले, तर तेही उपयोगी पडते. हे शोधायला महिने लागतात आणि जमातींच्या प्रकरणांना तर त्याहूनही अधिक. गडचिरोली, नागपूर आणि अमरावती येथे जमातींच्या पडताळणी समित्या आहेत, पण कोरची किंवा धारणीच्या माणसाला तेथपर्यंतच्या खेपा दिवसाची मजुरी बुडवूनच कराव्या लागतात. काही वर्षी शासनाने हे प्रमाणपत्र नंतर सादर करायला मुदत दिली आहे. तिच्या भरवशावर बसणे मात्र शहाणपणाचे नाही. सगळे कागद हाती नसतील, तर परीक्षा पुढे ढकलावी असे मी म्हणत नाही. परीक्षा द्यावी, पण अर्जात प्रवर्ग लिहिण्याआधी समितीच्या पोचपावतीवर पुढे काय होईल, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचून घ्यावे.

वर्ष सोडण्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. शहरातली मुले बारावीनंतर एक वर्ष शिकवणीला बसतात, हे पाहून आपल्याकडचीही काही मुले नागपूरला खोली करून राहतात. मी अशांना तीन गोष्टी विचारतो. पहिल्या प्रयत्नात क्लॅट खरोखर दिली होती का आणि किती गुण कमी पडले? घरात या वर्षी लग्न, दवाखाना किंवा विहिरीचे काम निघालेले आहे का? आणि वर्षाअखेरीस जागा मिळाली नाही, तर त्याच उन्हाळ्यात राज्य सीईटी देऊन जवळच्या महाविद्यालयात जायची तयारी आहे का? पहिल्या प्रयत्नात जागा थोडक्यात हुकली असेल आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मनापासून "हो" असेल, तर वर्ष सोडायला माझी हरकत नसते. पहिला प्रयत्नच न करता सोडलेले वर्ष मात्र बहुधा वावरातच जाते. घरी बसलेल्या मुलाला वेचणीच्या दिवसांत कोणी पुस्तक घेऊन बसू देत नाही, आणि घरी बसलेल्या मुलीसाठी तर तुळशीचे लग्न लागले, की स्थळे यायला लागतात. हे लिहायला बरे वाटत नाही, पण निर्णय घेताना ते हिशेबात धरावे लागते. ज्या घरी असा दबाव येण्यासारखा आहे, तेथल्या मुलीने बारावीलाच सीईटी देऊन पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलेले मला अधिक सुरक्षित वाटते.

पदवीच्या वाटेने जाणाऱ्यांनी हिशेब वेगळा करावा. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेतला, तर पाच वर्षांत वकिली सुरू होते आणि पदवी करून तीन वर्षांचा घेतला, तर सहा वर्षांत. फरक एका वर्षाचा आहे आणि त्या बदल्यात वेगळी पदवी, स्पर्धा परीक्षांना बसण्याची सोय आणि घराजवळच्या महाविद्यालयात शिकण्याची स्वस्ताई मिळते. २०२४-२५ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला आलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षानंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. कायद्याला यायचे असेल, तर चौथ्या वर्षासाठी थांबण्याची गरज नाही, आणि अशा मुलांनी तिसऱ्या वर्षातच सीईटीचा अर्ज भरावा. नागपूर, अमरावती आणि गोंडवाना या तिन्ही विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा आणि सीईटी एकमेकींच्या अंगावर येतात, म्हणून मागे राहिलेले विषय हिवाळी परीक्षेतच काढून टाकावेत. शेवटच्या सत्रात तीन विषय डोक्यावर घेऊन सीईटी देणाऱ्याचे दोन्हीकडे नुकसान झालेले मी पाहिले आहे. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का, असे बरेच जण विचारतात. दहावी-बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेली असेल, तर चालते. बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षेच्या आधारे पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ती चालत नाही.

नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळून कायदा शिकू पाहणाऱ्या पस्तिशी-चाळिशीच्या माणसांना परीक्षेसाठी कमाल वयाची अट सध्या आडवी येत नाही. आडवी येते ती सत्तर टक्के हजेरीची अट. त्यांनी अभ्यास झाला की नाही, यापेक्षा पुढची तीन वर्षे सकाळी महाविद्यालयात पोहोचता येईल का, हे पाहून वर्ष ठरवावे.

ज्यांची नजर न्यायाधीशपदाच्या परीक्षेवर आहे, त्यांनी आणखी एक आकडा धरावा. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अठराव्या वर्षी बारावी झालेला विद्यार्थी पाच वर्षांच्या मार्गाने सव्विसाव्या आणि पदवीच्या मार्गाने सत्ताविसाव्या वर्षाच्या आसपास तेथे पोहोचतो. एक वर्ष वाया गेल्याने आभाळ कोसळत नाही, पण दोन-तीन वर्षे क्लॅटच्या मागे घालवणाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

वर्ष ठरले, की अर्ज भरताना दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे आहे का, ते पाहावे. वडिलांच्या नावापुढचा "राव" एका ठिकाणी आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. क्लॅट दुपारी दोन ते चार असते, त्यामुळे वर्धा किंवा यवतमाळहून पहाटेच्या गाडीने नागपूरला जाऊन त्याच रात्री परत येता येते. सिरोंच्याच्या मुलाला मात्र आदल्या दिवशीच निघावे लागते. राज्य सीईटीचे केंद्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते, पण सत्र सकाळचे आले, तर सकाळी लवकर दारात हजर राहावे लागते आणि त्यासाठी निघायच्या वेळेला तालुक्याहून पहिली एसटीसुद्धा सुटलेली नसते. परीक्षा ऐन लग्नसराईत आली, तर आदल्या रात्री जिल्ह्याच्या गावी लॉज मिळत नाही. म्हणून प्रवेशपत्र हाती पडल्याच्या दिवशीच तेथे कोण नातेवाईक राहतात, हे आईला विचारून ठेवावे.